रांजणावरचं कुलूप

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत असले तरी त्यांनी जन्मात कधी खडू हातात धरला नव्हता. ते फिटर होते. रद्दीपासून पुठ्ठा बनवणाऱ्या कारखान्यात बिघडलेली यंत्रं खोलायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा जोडायची, हे त्यांचं काम. पण साधा नट कसा पिळायचा हे सांगायलाही ते त्या नटाच्या सात पिढ्यांपासून सुरुवात करत. ऐकणारा कंटाळून म्हणे, "मास्तर, तास संपला," आणि तेच नाव चिकटलं. त्यांच्या बायकोला याचं मोठं नवल वाटायचं. ती म्हणे, "घरात यांच्या तोंडून शब्द काढायला पाना लागतो, आणि तिथं म्हणे व्याख्यानं देतात!"

माणूस उंच, किडकिडीत, जरा पुढे वाकलेला. हात मात्र दुसऱ्याच कुणा धिप्पाड माणसाचे काढून यांना बसवल्यासारखे. पोरगेला असताना ते या कारखान्यात पाने उचलायला लागले, इथेच शिकले, इथल्याच पगारावर लग्न केलं, मुलीला शिकवून तिच्या घरी पाठवलं. कुठलं यंत्र कधी कुरकुरतं, कुठल्याला थंडी बाधते, हे ते आवाजावरून सांगत. कारखान्यात त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता.

होता, असंच म्हणायला हवं. कारण गेल्या काही महिन्यांपासून मास्तरांच्या डोक्यात काहीतरी सैल झालं होतं. काय ते त्यांना सांगता आलं नसतं. घरात मीठ असताना ते मीठ घेऊन यायचे. मुलीशी फोनवर बोलून झाल्यावर थोड्या वेळानं पुन्हा तिलाच फोन लावायचे आणि तीच चौकशी करायचे. मुलगी हसून म्हणायची, "बाबा, आत्ताच झालं की हे," आणि तेही हसून म्हणायचे, "बघत होतो, उत्तर बदलतंय का." असं हसण्यावारी नेण्यात ते तरबेज झाले होते. एकदा कारखान्यात मात्र त्यांनी एकाच बेअरिंगला लागोपाठ दोनदा ग्रीस भरलं आणि ते धाकट्या साहेबांनी पाहिलं.

धाकटे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, "मास्तर, आता किती दिवस यंत्रात उतरणार? वर्कशॉपमधलं टेबलाचं काम बघा ना. सावलीत बसून."

"बघू की साहेब," मास्तर म्हणाले. टेबलाचं काम म्हणजे स्क्रू वेगळे करून डब्यात टाकणं. तिथं बसवलेली माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांच्याजवळ कुणी काही विचारायला जात नसे. जाता-येता नुसते हात हलवत.

तेव्हापासून मास्तर काही विसरले, की सगळ्यात आधी विसरल्याचं लपवत.

कारखान्याच्या मधोमध एक अवाढव्य पोलादी पिंप होतं. त्यात रद्दी आणि पाणी पडायचं आणि तळाशी फिरणारी पाती त्याचा लगदा करायची. सगळे त्याला रांजण म्हणत. रद्दी वर चढवणारा रुंद पट्टा आणि रांजण, दोन्ही एकाच खटक्यावर चालत. पूर्वी कुणी दुरुस्तीला आत उतरलं की खटक्यापाशी एक माणूस राखणीला उभा करत. माणूसच तो, त्याला चहाची तल्लफ येते, कुणी हाक मारतं. असाच एक राखणदार जागचा हलला, दुसऱ्यानं येऊन खटका वर केला आणि पट्ट्याशी काम करत बसलेल्या मास्तरांच्या उस्तादांचा उजवा हात कोपरापासून गेला. मास्तर तेव्हा त्यांच्या शेजारी बसले होते. तो प्रसंग ते कधीच सांगत नसत. त्यांचं एकही व्याख्यान तिथपर्यंत पोचत नसे.

त्यानंतर कुलपं आली. खटका खाली पाडायचा आणि त्याच्या दांड्याला जी भोकं पाडलेली पट्टी आहे, तिच्यात आत उतरणाऱ्या प्रत्येकानं आपापलं कुलूप अडकवायचं. प्रत्येकाचं कुलूप वेगळं, किल्ली एकच आणि ती ज्याची त्याच्या गळ्यात. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत खटका हलत नाही. मास्तरांच्या कुलपावर बायकोनं ओळखीसाठी नेलपॉलिशचा जांभळा ठिपका देऊन ठेवला होता. त्यावरून वायरमन त्यांना छळायचा, "कुलपाला नटवलंय वहिनींनी. मास्तरांना कधी नटवणार?"

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. कंत्राटावर सफाईला येणाऱ्या बायकांना कुलपं मिळालीच नव्हती. "मागवलीत," असं साहेब सांगत आणि ते खोटंही नसावं. पण ती यायची राहत. मग पद्धत पडली. मास्तरांचं कुलूप लागलेलं असलं, की त्यांना सांगून बायका आत शिरत आणि झाडून-धुऊन बाहेर येत. त्याला म्हणत, मास्तरांच्या कुलपात जाणं. मास्तरही सगळ्या बाहेर आल्याशिवाय किल्लीला हात लावत नसत. त्यांना ते आपल्या शब्दाला मिळालेलं मानाचं पान वाटे. "अहो, माझं कुलूप तुमचंच समजा," असं ते मोठ्या दिलदारपणे सांगून बसले होते.

त्या दिवशी रांजणाची पाती बदलायची होती. सकाळी मास्तर, वायरमन आणि वेल्डर आपापली कुलपं लावून उतरले. काम लवकर उरकलं. जेवणाच्या आधीच सगळे वर आले. साहेब म्हणाले, "जेवून घ्या, मग चालू करू." मास्तरांनी हातपाय धुतले, डबा खाल्ला, भिंतीला पाठ टेकून एक डुलकीही काढली.

जेवणानंतर सगळे खटक्यापाशी जमले, तर पट्टीत एक कुलूप लटकत होतं. जांभळ्या ठिपक्याचं.

"मास्तर, काढा कुलूप. पुठ्ठा वाट बघतोय," धाकटे साहेब म्हणाले.

मास्तरांचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी तर कुलूप काढलं होतं. जेवणाआधी, सगळ्यांबरोबर. किल्ली फिरवल्यावरची ती खट्ट, मग कुलपाचा हातातला गारवा, मग ते शर्टाच्या खिशात टाकताना खिसा खाली ओढला गेला होता तो. सगळं लख्ख आठवत होतं. त्यांनी खिसा चाचपला. रिकामा.

मग हे कधीचं आठवतंय? कालही त्यांनी कुलूप काढलं होतं. परवाही काढलं असेल. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरलेल्या बाईला विचारावं. बटण फिरवल्याचं तिला अगदी डोळ्यांसमोर दिसत असतं, फक्त ते आजचं की कालचं ते दिसत नाही. रोजच्या गोष्टींवर तारीख लिहिलेली नसते. मास्तर आठवू लागले तसं दुसरंही एक चित्र पुढं आलं. वायरमननं आपलं कुलूप काढलं, काहीतरी बोलला, आपण हसलो आणि तसेच नळाकडे चालू लागलो. कुलूप न काढता. हेही तितकंच लख्ख. आता दोन मास्तर डोक्यात उभे राहिले, एक कुलूप काढलेला आणि एक न काढलेला, आणि दोघंही शपथेवर सांगत होते.

"अरे मास्तर, मुहूर्त बघतोयस का?" वायरमन म्हणाला. "तुझंच आहे ना? ठिपका बघ. की वहिनींना बोलवू ओळख पटवायला?"

सगळे हसले. मास्तरही हसले. हसता हसता त्यांनी किल्ली शर्टाबाहेर काढली. किती सोपं होतं! किल्ली लावायची, फिरवायची आणि म्हणायचं, "म्हटलं, बघू कुणाच्या लक्षात येतंय." कुणाला संशयसुद्धा आला नसता. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, ते धडधाकट बाहेर उभे. मग आत कोण असणार?

किल्ली कुलपात गेलीसुद्धा. पण फिरवायला बोटं तयार होईनात. नक्की काय खटकतंय ते मास्तरांना कळत नव्हतं. कुलूप काढल्याचं आठवतंय तर ते इथं कसं? आणि काढलं नाही हे खरं, तर मग घाबरायचं कशाला? डोकं तर गाळात रुतल्यासारखं झालेलं. त्यांना एवढंच कळत होतं, की हे कुलूप इथं का आहे ते आपल्याला माहीत नाही. आणि का लावलंय हेच माहीत नसेल, तर ते काढायचं कसं?

"काय झालं?" धाकट्या साहेबांचा आवाज बदलला. "अडकलंय का?"

अडकलंय, असं म्हणता आलं असतं. तेल आणायच्या निमित्तानं चार पावलं जाऊन विचार करता आला असता. मास्तरांच्या ओठांवर तेच आलं होतं. पण साहेब लगेच म्हणाले असते, आणा, मी काढतो.

"साहेब," मास्तर म्हणाले, "मला आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"हे मी लावून ठेवलं, की काढलं होतं, ते. मला वाटतं काढलं होतं. पण तसं वाटतंय नुसतं."

वेल्डर दुसरीकडे बघू लागला. वायरमनच्या तोंडावर अर्धवट हसू होतं, ते कुठं ठेवावं हे त्याला समजेना. शेजारचं कागद सुकवायचं यंत्र धडधडत होतं.

"मास्तर," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही सकाळी लावलंत आणि काढायला विसरलात. होतं असं. त्यात एवढं काय? तुम्ही बाहेर आहात ना?"

"मी आहे बाहेर."

"मग?"

मास्तर किल्ली तशीच धरून उभे राहिले, पाहुण्यांसमोर पाढे विसरलेल्या पोरासारखे.

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि स्वतः शिडी चढून रांजणात डोकावले. बॅटरीचा झोत चारी बाजूंनी फिरवला, जोरात हाकही मारली. आवाज आत घुमला आणि परत आला. "रिकामं आहे. चकचकीत. या, बघा स्वतः आणि काढा आता."

मास्तर चढले, त्यांनी पाहिलं. खरोखरच रिकामं होतं. नवी पाती तळाशी चमकत होती. त्यांना वाटलं, झालं. आता उरलं ते फक्त आपलं डोकं. आता किल्ली फिरवायची आणि उद्यापासून टेबलावर बसायचं. खाली उतरताना त्यांचा हात शिडीवर घसरला आणि वायरमननं मागून त्यांना आधार दिला. "असू दे रे," तो कानाशी म्हणाला. "माझंही होतं असं. तू काढ, विषय संपव."

त्या मायेनं मास्तर आणखीच गोंधळले. ओरडले असते तर हट्टानं उभं राहता आलं असतं. त्यांनी किल्ली कुलपातून उपसून पुन्हा शर्टाच्या आत टाकली.

"पट्टा बघून येतो," ते म्हणाले.

"पट्ट्याला आज कुणी हात लावलेला नाही, मास्तर!"

"नसेल. बघून येतो."

पट्ट्याचं खालचं टोक भिंतीपलीकडच्या खड्ड्यात उतरलेलं होतं. रद्दीचे गठ्ठे बांधलेल्या तारा तिथल्या रुळाला गुंडाळल्या जायच्या आणि मग पट्टा अडखळायचा. खड्ड्याकडे जाताना मास्तर स्वतःशीच बोलत होते, आपण का चाललोय हे त्यांना धड माहीत नव्हतं. मागं साहेब कुणाला तरी म्हणत होते, "जाऊ दे त्यांना. समाधान होऊ दे एकदाचं."

खड्ड्याच्या काठाशी पोचल्यावर त्यांना आधी रबरी बूट दिसले. बुटांचे तळवे. मग पट्ट्याखाली पालथी पडलेली सफाईची मावशी. तिचा एक हात खांद्यापर्यंत रूळ आणि पट्टा यांच्या मधे शिरला होता आणि पकडीनं ती तारेचं टोक ओढत होती. कानांवर आवाज अडवणारी टोपणं. निवांतपणे गुणगुणत होती.

मास्तरांनी हाक मारली नाही. ते खड्ड्यात उतरले आणि त्यांनी तिच्या बुटाला हात लावला. मावशी दचकली, हात काढून मागं वळली, एक टोपण बाजूला केलं.

"अगंबाई, मास्तर! झालंच हो. एवढी एक तार चिवट आहे. सगळ्यांचा खोळंबा केला का मी?"

"मावशी," मास्तर म्हणाले, "तुम्ही इथं कुणाच्या कुलपात?"

"कुणाच्या म्हणजे? तुमच्याच." तिला प्रश्नच समजला नाही. "तुमचा शर्ट खुंटीला होता, तुम्ही नळावर. म्हटलं, पट्टा बंदच आहे तर तेवढ्यात तारा काढून घ्याव्यात. खिशातलं कुलूप घेतलं, लावलं. दाबलं की बसतंच की ते. किल्ली काढायलाच लागते ना? आणि किल्ली तुमच्याच गळ्यात, म्हणजे काय काळजी! तुम्हीच म्हणालात, माझं कुलूप तुमचंच समजा."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगायला आले होते. तोवर तुम्ही जेवून झोपला होतात. एवढ्यासाठी काय उठवायचं."

मास्तर खड्ड्यातल्या ओल्या रद्दीवर मटकन बसले. मावशीनं घाबरून त्यांच्या तोंडाशी पाण्याची बाटली नेली. "अहो, घाम बघा किती आलाय! उन्हातनं आलात का?"

पुढं जे व्हायचं ते झालं. साहेब धावत आले, खड्ड्यात बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग ते मावशीवर ओरडले, मग कंत्राटदारावर फोनवरून ओरडले, मग कपाळाला हात लावून बसले आणि म्हणाले, "कुलपं येईपर्यंत एकाही बाईनं यंत्राजवळ जायचं नाही. कुणाच्याही कुलपात नाही." वायरमननं मास्तरांना मिठीच मारली. "मास्तर, तू विसरला नव्हतासच रे! काढलं होतंस तू! डोकं एकदम ठणठणीत!"

साहेबांनीही तेच धरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, मी तुमच्यावर संशय घेतला. टेबलाबिबलाचं मी काही बोललोच नाही असं समजा. तुमची आठवण पक्की होती म्हणून आज ही बाई सहीसलामत आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी रडायला लागली होती, तीही रडत रडत टाळ्या वाजवू लागली. मास्तरांना काय करावं ते कळेना. त्यांना सांगायचं होतं, की आठवण पक्की नव्हती. मला दोन्ही आठवत होतं. पण हे सांगितलं तर कुणाला कळणार? आणि खरं तर, सांगावंसं वाटतही नव्हतं. मोठ्या मिनतवारीनं परत मिळालेली वस्तू होती ती. त्यांनी मान हलवली आणि ते हात धुवायला गेले.

घरी आले तेव्हा बायको खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. वायरमननं फोन केला होता.

"आलात? बसा. भाऊजी सांगत होते, तुमचा अगदी जयजयकार झाला म्हणे," ती म्हणाली. "मला सगळं पहिल्यापासून सांगा."

मास्तर बसले आणि सांगायला लागले. पण ते पहिल्यापासून येईना. बुटांचे तळवे आधी आले, मग साहेबांची बॅटरी, मग मधेच उस्तादांचा हात. ही हाताची गोष्ट तिनं लग्नापासून कधी ऐकली नव्हती. ती घडी घालायची थांबली. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आणि लोक म्हणतात, माझं डोकं ठणठणीत आहे."

"मग? कुलूप काढलं होतंत ना तुम्ही?"

"काढलं होतं. पण न काढल्याचंही मला दिसत होतं गं. वायरमन काहीतरी बोलला, मी हसलो आणि तसाच निघालो. अजूनही दिसतंय. असं घडलंच नाही, तर मग ते दिसतं कुठून?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. गेल्या काही महिन्यांतलं मीठ, फोन, सगळं तिच्या मनात असणारच. तिच्या नजरेतून काय सुटतंय!

"आज एक चूक झाली असती, तर ती झाली नाही," मास्तर म्हणाले. "पण ती माझ्या आठवणीमुळे टळली नाही. मला आठवत नाही असं मी म्हणालो, म्हणून टळली. आणि ते मी आणखी किती वेळा म्हणू शकेन? एखाद्या दिवशी आठवत नाही हेच मला कळलं नाही तर? मला खात्रीच वाटली तर?"

खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बायकोनं घड्या बाजूला सारल्या.

"उद्या दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

"आणि डॉक्टरांना काय सांगू? मला बरोबर आठवत होतं, पण मला वाटलं मी विसरलो? ते मला हाकलून देतील."

"हेच सांगा. असंच्या असं."

"गोंधळ होईल सांगताना."

"होऊ दे. मी येते ना बरोबर. तुम्ही विसरलात तर मी सांगेन, आणि तुम्हाला आठवलं तर मी गप्प बसेन."

मास्तरांना हसू आलं, मग ते थांबलं. "साहेबांनाही सांगायला हवं," ते म्हणाले. "आधी त्यांना. सकाळी गेल्या गेल्या. टेबलाचं काम..." वाक्य पुरं न करता ते आपल्या मोठ्या हातांकडे बघत राहिले. मग एकाएकी त्यांनी विचारलं, "की हे मी त्यांना सांगितलंय आधीच?"

"नाही," बायको म्हणाली. "अजून नाही सांगितलंत."

"नक्की?"

"नक्की. उद्या सांगायचंय."

"बरं," मास्तर म्हणाले आणि तिनं जे सांगितलं ते त्यांनी मुकाट्यानं खरं मानून घेतलं.